कायदा कोण करतो?

मंडळी, 'सरकारने कायदा केला' असे आपण सहज बोलतो. हे बोलणे अर्धेच खरे आहे. कायदा करते ते विधिमंडळ. सरकार तो बहुधा मांडते, आणि झाल्यावर अमलात आणते. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हाला काय त्याचे? दोन्ही मुंबईतच बसतात. पण हा फरक कळला, की आपल्या पेटीतल्या कागदाची किंमत कळते. कोणता कागद हक्काचा आणि कोणता सरकारच्या मर्जीचा, ते ओळखता येते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात दोन सभागृहे आहेत. एक विधानसभा. तीत २८८ आमदार. त्यांना तुम्ही आम्ही मत देऊन निवडतो. कर्जत तालुका आणि खालापूर तालुक्याचा काही भाग मिळून विधानसभेचा एक मतदारसंघ होतो. कशेळ्याचे मत त्यातलेच. दुसरे सभागृह विधान परिषद. तीत ७८ सभासद. काहींना आमदार निवडतात, काहींना जिल्हा परिषदा व नगरपालिकांचे सभासद, काहींना पदवीधर, तर काहींना शिक्षक. बारा जणांना राज्यपाल नेमतात. वर्षातून तीन अधिवेशने भरतात. दोन मुंबईला, हिवाळ्यातले नागपूरला. १९५३ साली नागपूर करार झाला, त्यात हे ठरले होते.

आता कायदा होतो कसा? लग्नात आधी बोलणी होतात, मग याद्या, मग अक्षता. तसेच इथे. कायद्याच्या कच्च्या मसुद्याला विधेयक म्हणतात. पहिल्या वाचनात मंत्री विधेयक मांडण्याची परवानगी मागतो. दुसऱ्या वाचनात एकेका कलमावर चर्चा होते. हा शब्द काढा, तो घाला, अशा दुरुस्त्या येतात. खरे काम इथेच होते. टीव्हीवर आरडाओरडा दिसतो तेवढाच आपण बघतो, आणि कलमावरची शांत चर्चा कोणी दाखवत नाही. तिसऱ्या वाचनात सगळ्या विधेयकावर मत घेतात. मान्य असेल त्याने 'होय' म्हणायचे, नसेल त्याने 'नाही'. मग ते दुसऱ्या सभागृहात जाते. तिथून राज्यपालांकडे सहीला. सही झाली, राजपत्रात छापून आले, की विधेयकाचा कायदा झाला.

दोन सभागृहांत जमले नाही तर? साधे विधेयक विधान परिषद काही महिने अडवू शकते, पण शेवटी विधानसभेचे चालते. पैशाचे विधेयक तर परिषदेने चौदा दिवसांत परत केलेच पाहिजे. लोकांनी थेट निवडलेल्या सभेच्या हाती तिजोरीची किल्ली, असा त्यातला हेतू आहे.

आपल्या जिल्ह्याशी निगडित एक उदाहरण घ्या. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे रायगडात कुणाला सांगायला नको. कुणी पंचांचे ऐकले नाही, कुणी निवडणुकीला उलट उभा राहिला, की त्याचे पाणी, दुकान, मर्तिकाचा खांदा, सगळे बंद. रायगडातून अशी प्रकरणे फार पुढे आली. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक एकमताने मंजूर केले. पण तो कायदा लागू झाला जुलै २०१७ मध्ये. मधले वर्ष कुठे गेले? ते विधेयक दिल्लीला राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले होते. काही विषय राज्याचे असतात, काही दिल्लीचे, आणि काही दोघांच्या सामाईक बांधासारखे असतात. सामाईक विषयात दिल्लीच्या कायद्याला बाध येत असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. आता वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आणि एकदा केलेला कायदा कायम टिकतोच असे नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेत बसत नाही म्हणून रद्द ठरवला. म्हणजे विधिमंडळाच्याही वर घटना आहे.

आता तंबाखू घेऊ. विषय तोंडातलाच आहे! बिडी, तंबाखूची पुडी, बायांची मशेरी. एक आजोबा म्हणतात, "आमच्या आमदाराने बिडीवरचा कर कमी करावा." त्यांची सून म्हणते, "वाढवावा, म्हणजे सुटेल तरी." दोघांनाही सांगायचे ते एकच. एकट्या आमदाराच्या हातात हे नाही, आणि एकट्या विधानसभेच्याही नाही.

तंबाखूवरचा उत्पादन कर पहिल्यापासून दिल्लीकडे आहे. १९५७ साली राज्यांनी तंबाखू, कापड आणि साखर यांवरचा विक्रीकर सोडून दिला, आणि त्याऐवजी दिल्लीकडून वाटा घ्यायचे ठरले. पुढे २००७ साली राज्यांना तंबाखूवर पुन्हा कर बसवता आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला. तो लागू करण्यासाठी आपल्या विधिमंडळाने मे २०१७ मध्ये खास अधिवेशन भरवले होते. आता दर ठरवण्याचा विचार जीएसटी परिषदेत होतो. तिथे दिल्लीचे अर्थमंत्री आणि सगळ्या राज्यांचे मंत्री बसतात. दिल्लीच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश. ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे दिल्लीला टाळून ठराव होत नाही, आणि राज्यांना टाळूनही होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये या परिषदेने ठरवले, की सिगारेट, गुटखा यांना ४० टक्के दर लावावा आणि बिडीचा २८ वरून १८ करावा. बिडीला सवलत का? सिन्नर, सोलापूर, भंडारा, गोंदिया इकडे हजारो बाया घरी बसून बिड्या वळतात. धंदा बसला तर चूल बसेल, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणते, बिडीचा धूर सिगारेटीपेक्षा काही सौम्य नाही, आणि गरिबालाच विष स्वस्त का द्यायचे? मला स्वतःला दुसरी बाजू पटते. वळणाऱ्या बाईला दुसरे काम दिले पाहिजे, पण त्यासाठी ओढणाऱ्याचा खोकला चालू ठेवणे हा उपाय नव्हे.

मग राज्याला काहीच करता येत नाही का? येते की. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. तो विधिमंडळाच्या कायद्याने नव्हे, तर दिल्लीच्या २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याखाली आयुक्तांच्या हुकुमाने. हुकूम मुदतीचा असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. २०१८ साली मात्र विधिमंडळाने दिल्लीच्या तंबाखू कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्क्याची दुकाने बंद केली. तीही राष्ट्रपतींच्या संमतीनेच.

आता दवाखाना. हा भाग सावकाश वाचा.

सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय घटनेने राज्याकडे दिला आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते, आणि त्यांत आपला रायगड होता. पिवळे किंवा केशरी कार्ड असले, की कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार बिनपैशाने. २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाचे पाच लाख झाले, आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती खुली झाली.

पण 'पाच लाख' ऐकून कुणी फसू नये. ते पैसे हातात मिळत नाहीत. यादीतले रुग्णालय पाहिजे, यादीतला उपचार पाहिजे, आणि बहुधा दाखल व्हावे लागते. साध्या तापाला ही योजना नाही. त्याला कशेळ्याचे ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. मोठे दुखणे निघाले, तर यादीतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो. बिल व्हायच्या आधी त्याला गाठायचे. मागाहून गेले तर तो फार काही करू शकत नाही.

आता वरचे शब्द पुन्हा बघा. 'शासन निर्णय.' कायदा नव्हे! ही योजना विधिमंडळाने कलमे वाचून मंजूर केलेला कायदा नाही. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो आणि मंत्रालयातूनच बदलतो. आज पाच लाख आहेत, उद्या यादीतला एखादा उपचार काढला, तरी विधानसभेत 'होय, नाही' होत नाही. विधिमंडळाचा हात कुठे पोचतो? पैशाला. दर वर्षी अर्थसंकल्पात आरोग्य खात्याला किती द्यायचे, हे विधानसभेच्या मतानेच ठरते. तिथे आमदार कपात सूचना देऊ शकतो, प्रश्न विचारू शकतो, अमुक रुग्णालयात डॉक्टर का नाही हे मंत्र्याकडून वदवून घेऊ शकतो. आपण आमदाराकडे जातो ते बदली नाहीतर रस्ता मागायला. हा प्रश्न लेखी नेऊन द्यायला कोण जातो?

योजनेचा कायदा झाला तर काय फरक पडतो, ते रोजगार हमीवरून कळेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायची कामे निघाली, ती योजना म्हणून. त्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७५ साली त्यासाठी पगारदार व धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तेव्हापासून महाराष्ट्राचा मजूर काम 'द्या हो' म्हणत नव्हता. 'माझ्या हक्काचे द्या' म्हणत होता. देशाला असा कायदा २००५ साली मिळाला.

आरोग्याचा असा कायदा राजस्थानच्या विधानसभेने मार्च २०२३ मध्ये मंजूर केला. अपघात, सर्पदंश अशा तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार, हे त्यातले मुख्य कलम. खासगी डॉक्टरांनी संप केला. आमचे बिल कोण देणार, हा त्यांचा सवाल होता, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना दर आणि रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितले आहे. आता तुम्हाला वाचता येते. पुढल्या वेळी भिंतीकडे बघा.

खोपोलीकडे कारखान्यात जाणाऱ्यांचे वेगळे आहे. ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांना दिल्लीच्या कायद्याने उपचार मिळतो. मालकही वर्गणी भरतो. तो हक्क कायद्याचा आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात आहे का, एवढे वाचून घ्या.

शेवटी मुलांचे बघू. नवऱ्याने बाईला घराबाहेर काढले. तीन वर्षांची पोर ठेवून घेतली. पंच म्हणतात, पोर बापाची. कायदा काय म्हणतो?

यात दोन शब्द वेगळे ठेवा. 'ताबा' म्हणजे मूल कुणाजवळ राहील. 'पालकत्व' म्हणजे मुलाच्या वतीने सही कोण करील, त्याची मिळकत कोण सांभाळील. हा सामाईक बांधावरचा विषय आहे. १९४७ साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हा दिल्लीचा कायदा नव्हता. तो १९५५ साली आला. मुलांच्या बाबतीत मात्र दिल्लीचेच कायदे चालतात. एक १८९० सालचा, सर्व धर्मांना लागू असलेला. दुसरा १९५६ सालचा, हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांचा. १९५६ च्या कायद्यात बाप हा आधी पालक, त्याच्यानंतर आई, असे लिहिले आहे. पण पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ राहावे, असेही त्यात आहे. आणि 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असे नाही. बाप लक्ष देत नसेल, तर तो हयात असतानाही आई पालक होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले. आई आणि बाप, दोघांच्या भांडणात न्यायालय सगळ्यांत वर मुलाचे हित धरते. ज्याच्याकडे ताबा नसेल, त्याला भेटीचे दिवस ठरवून देते.

आपल्या भागात ठाकर, कातकरी, महादेव कोळी पुष्कळ आहेत. १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. मग त्यांच्या बाईने जायचे कुठे? १८९० चा कायदा त्यांनाही आहे, आणि त्यातही मुलाचे कल्याणच बघतात. पंचांनी सांगितले म्हणून पोर सोडून द्यावे लागत नाही. आणि कोर्टात गेलीस तर वाळीत टाकू, अशी पंचांनी धमकी दिली, तर वर वाचलेला बहिष्काराचा कायदा आहेच.

ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा कुटुंब न्यायालयात करतात. मुलाच्या खर्चासाठी मॅजिस्ट्रेटकडे वेगळा अर्ज करता येतो. त्याचा आधार १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती आणि जमाती यांना फुकट वकील मिळतो. उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा लेखी अर्ज द्यायचा. सोबत मुलाचा जन्मदाखला, लसींचे कार्ड, शाळेत जात असेल तर शाळेचा दाखला. सासर सोडताना दागिने राहिले तर राहू देत, हे कागद तेवढे बरोबर असावेत.

वाचा आणि सांगा : विधेयक आणि कायदा यांत फरक काय? रोजगार हमी आणि जन आरोग्य योजना यांतली कोणती कायद्याने झाली? तुमच्या घरच्या शिधापत्रिकेचा रंग कोणता, आणि तिच्यावर घरातल्या सगळ्यांची नावे बरोबर लिहिली आहेत का? उद्या वर्गाला येताना ती घेऊन या.