कष्टकरी आई आणि ख्रिस्ती घर

(शब्बाथ शाळेचे शिक्षक, महिला मंडळे व कुटुंब प्रार्थना यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ३१:१०-३१, निर्गम २:१-१०, रूथ ४:१३-१६, २ तीमथ्य १:५.

पाठाचा उद्देश : घराबाहेर राबणाऱ्या आईवर कोणकोणते भार पडतात हे समजून घेणे, आणि त्यांतील कोणता भार पतीने, कोणता कुटुंबाने व कोणता मंडळीने उचलावयास हवा हे ठरविणे.

प्रस्तावना

आई कामावर गेली तर घराचे व मुलांचे काय, हा प्रश्न आपल्या सभांतून पुष्कळदा निघतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा शहरात कचेरीत जाणारी शिकलेली बाई असते. जणू आईने उंबरठा ओलांडण्याची ही रीत काल-परवाच सुरू झाली! आमच्या बेज्जूरकडे या प्रश्नाचे रूप निराळे आहे. हा मुलूख पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता; ऑक्टोबर २०१६ पासून तो कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आला. पलीकडे प्राणहिता आणि नदीच्या पैलतीरी गडचिरोली जिल्हा. या दोन्ही काठांवर आई शेतात, रानात, बाजारात राबत आली आहे. येथे 'आईने काम करावे काय?' असे विचारण्यात अर्थ नाही. ती काम करतेच. तिच्या पाठीशी कोण उभे आहे, हे आपण विचारावयाचे आहे.

१. सर्व कामे सारखी नसतात

'नोकरी करणारी आई' असे आपण एका दमात म्हणतो. पण कामाकामांत मोठा फरक आहे. तो ध्यानी घेतल्यावाचून केलेला उपदेश वाऱ्यावर जातो.

(अ) पगारी नोकरी. शिक्षिका, परिचारिका किंवा कचेरीतील कारकून बाई हिला ठरलेला पगार, ठरलेली वेळ आणि रजा असते. २०१७ साली प्रसूती रजेचा कायदा दुरुस्त झाला व पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ ऐवजी २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावे, असेही त्यात ठरले. हिची अडचण वेळेची आणि अंतराची. बदली दूर झाली की घर दोन गावांत विभागले जाते.

(आ) मोजणीचे काम. कापूस वेचणीला मजुरी किलोवर मिळते, तेंदूपत्त्याला पुड्यावर. तेलंगणात पुडा ५० पानांचा, तर नदीपलीकडे महाराष्ट्रात ७० पानांचा. उन्हाळ्यातील थोड्याच आठवड्यांचा हा हंगाम. बाई पहाटे अंधारात रानात जाते, ऊन चढल्यावर डोक्यावर पानांचे ओझे घेऊन परतते, दुपारभर पुडे बांधते आणि सायंकाळी ते मोजून देते. यात रजा हा शब्दच नाही. बाळाला ताप आला आणि ती घरी बसली, तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्यात जिवाचेही भय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कागजनगर भागात कापसाच्या शेतात काम करणारी एक तरुणी वाघाच्या हल्ल्यात मरण पावली.

(इ) मानधनाचे काम. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आशाताईंचे काम २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आले. या बहिणी दुसऱ्यांची बाळे सांभाळतात, वजन करतात, लसीकरणाला बोलावतात. त्यांना मिळते ते 'मानधन' म्हणून मोजले जाते, पगार म्हणून नव्हे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली निकालाने सांगावे लागले. आशाताईला तर रात्री-अपरात्रीही बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जावे लागते. त्या रात्री तिच्या स्वतःच्या मुलांपाशी कोण असते?

(ई) घरचा धंदा. शिवणयंत्र, किराण्याचे लहान दुकान, बाजारातील भाजी. हिला सगळे म्हणतात, "तू तर घरीच असतेस." म्हणून हिचे काम कोणी काम म्हणून मोजत नाही. आणि घरातील दुसरी मिळकत थांबली तर त्याच शिवणयंत्राचा आधार लागतो. आमच्याकडील कागजनगरची कागद गिरणी २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली दुसऱ्या कंपनीने ती हाती घेतली. गिरणी थांबली म्हणून चूल थांबत नाही.

या चारही बहिणींना एक गोष्ट समान आहे. बाहेरचे काम आटोपले की घरचे काम तिचीच वाट पाहत असते. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत असे दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटे. घरकाम मुळीच न करणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत!

२. शास्त्र काय दाखविते?

नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय आपण लग्नात व मातृदिनाला वाचतो. आरंभीच सांगितले आहे की, लेमुएल राजाला हा बोध त्याच्या आईने केला. म्हणजे मुलाने कशा स्त्रीचा मान राखावा, हे एक आई मुलाला शिकवीत आहे. त्यातील स्त्री शेत पाहून विकत घेते, द्राक्षमळा लावते, वस्त्रे विणून व्यापाऱ्यांना विकते. बाहेरचे काम आणि घर यांत तेथे वैर नाही.

तथापि दोन गोष्टी आपण वाचताना गाळतो. पहिली पंधराव्या वचनात आहे : या स्त्रीच्या हाताखाली दासी होत्या. ती एकटी सर्व करीत नव्हती. जिच्या घरी पाणी भरावयास दुसरा हात नाही, तिच्यापुढे हा अध्याय वाचून 'अशी हो' म्हणणे हा न्याय नव्हे. दुसरी गोष्ट शेवटच्या वचनात आहे : तिच्या कष्टाचे फळ तिच्या पदरी पडावे अशी आज्ञा तेथे आहे. तिची मजुरी तिच्या हाती येते काय? की ती परस्पर पतीच्या खिशात, आणि तेथून दारूच्या दुकानात जाते? हे पवित्र शास्त्राने विचारलेले आहे. आपण ते विचारावयास लाजू नये.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशेची आई आहे. फारोच्या कन्येने तिला मजुरी देऊन तिचेच बाळ पाजावयास दिले. शास्त्रातील ही वेतन घेणारी आई! बाळ तिच्याजवळ थोडीच वर्षे राहिले. मग राजवाड्यात गेले. पण पुढे मोठा झालेला मोशे आपल्या बांधवांचे कष्ट पाहावयास बाहेर पडला. ती थोडी वर्षे वाया गेली नव्हती.

रूथ शेतात सरवा वेचणारी. तिला मुलगा झाला तेव्हा नामीने त्याला उराशी घेतले व ती त्याची दाई झाली. सुनेच्या बाळाला सासू सांभाळते, यात तिला कमीपणा वाटला नाही. तीमथ्याच्या विश्वासाविषयी लिहिताना पौलानेही आजी लोईस व आई युनीके या दोघींची नावे घेतली आहेत. मूल वाढविणे हे एका जोडी हातांचे काम नव्हे, हे या दोन्ही घरांवरून दिसते.

३. पंडिता रमाबाई आणि मनोरमा

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातच याचा मोठा दाखला आहे. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा १८८१ साली जन्मली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई विधवा झाल्या. १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वॉण्टेज येथील भगिनीसंघाकडे त्या उतरल्या व तेथेच त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकू व संस्कृत शिकवू लागल्या, तेव्हा लहानगी मनोरमा वॉण्टेजला भगिनींजवळ राहिली. १८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, आणि भारतातील विधवांसाठी साहाय्य गोळा करण्याच्या त्या काळातही आईलेकींची मोठी ताटातूट झाली.

आपण हे सोपे समजू नये. त्या मुलीला आई हवी होती आणि आईला ती. पण रमाबाईंनी मुलगी दुसऱ्याच्या हाती दिली तरी तिची जबाबदारी सोडली नाही. तिने काय शिकावे, धर्माचे शिक्षण कसे मिळावे, यावर त्यांनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातले. उपकार घेतले म्हणून आईपणाचा हक्क त्यांनी गहाण ठेवला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. मनोरमा मोठी होऊन आईच्याच कामात उजवा हात झाली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

यातून घ्यावयाचा बोध असा : आई किती तास घरी असते एवढ्यावरच तिचे आईपण मोजता येत नाही. आणि दुसरा, तितकाच महत्त्वाचा : वॉण्टेजच्या भगिनी नसत्या तर रमाबाईंना शिकणे व शिकविणे अतिशय कठीण गेले असते. प्रत्येक रमाबाईमागे असे कोणीतरी लागते.

४. भार कोणावर पडतो?

दुसरे कोणी नसले की तो थोरल्या मुलीवर पडतो, ही आजची सर्वांत दुःखाची गोष्ट आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बसतात. त्याहून लहान बाळासाठी घरी न्यावयाचा आहार मिळतो, पण बाळाला दिवसभर घेऊन कोण बसणार? मग दहा वर्षांची बहीण कापसाच्या हंगामात शाळा सोडून त्याला कडेवर घेते. हंगाम संपेपर्यंत ती अभ्यासात मागे पडते. घरी मराठी आणि शाळेत तेलुगू अशी जिची आधीच ओढाताण, तिला पुन्हा वर्गात जाण्याची भीती वाटते. आणि एक दिवस ती जाणे बंद करते.

मोशेची बहीण नदीकाठी उभी राहिली ती एका संकटाच्या वेळी. आपण मात्र मुलीचे सारे बालपण लव्हाळ्यात उभे करून ठेवतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण १ एप्रिल २०१० पासून कायद्याने हक्क ठरले आहे. ख्रिस्ती घरात तो हक्क भावाला आणि बहिणीला सारखाच असला पाहिजे.

पतींनाही स्पष्ट सांगावयास हवे. थेस्सलनीकाकरांस लिहिताना (१ थेस्स. २:७-९) पौल स्वतःला लेकरांचे लालनपालन करणाऱ्या आईची उपमा देतो, आणि त्याच ओघात आपण रात्रंदिवस हातांनी कष्ट केल्याचे सांगतो. प्रेषिताला ज्या उपमेची लाज वाटली नाही, त्या कामाची आम्हा पुरुषांना का वाटावी? पाणी आणणे, भात शिजविणे, बाळाला अंघोळ घालणे यांनी कोणाची पगडी खाली पडत नाही.

५. मंडळीने काय करावे?

केवळ सहानुभूतीने बाळ झोपत नाही. पुढील गोष्टी लहान मंडळीलाही करता येतील.

१) कापूस व तेंदूपत्त्याच्या हंगामात मंदिराची खोली किंवा ओसरी तान्ह्या मुलांसाठी उघडावी. दोन वयस्क बहिणी पाळीने बसाव्यात व त्यांना थोडे मानधन द्यावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तरी ती सांभाळण्यास एक बाई मजुरीवर नेमावी असे ठरविले होते. सरकारला जे सुचले ते मंडळीला का सुचू नये?

२) महिला मंडळाची सभा दुपारी ठेवून 'बहिणी येत नाहीत' अशी तक्रार करू नये. हंगामात ती सायंकाळी, वस्तीवर व अर्ध्या तासाची असावी.

३) जी बहीण उपासनेला उशिरा येते तिच्याकडे वळून पाहू नये. ती कोठून आली आहे ते देव जाणतो.

४) पाळक व पंचांनी विवाहपूर्व शिकवणीत घरकामाच्या वाटणीचा व मजुरी कोणाच्या हाती राहावी याचा विषय घ्यावा.

शिक्षकांसाठी सूचना

वर्गात एखादी मुलगी लहान भावंडाला कडेवर घेऊन आली तर तिला परत पाठवू नका. भावंडाला चटईवर जागा द्या. महिनाभर ती आली नाही तर तिच्या घरी जा. पण जाब विचारावयास नव्हे. मुलांना पुढील पाठ द्यावा : आई सकाळपासून रात्रीपर्यंत कोणती कामे करते त्याची यादी करणे, आणि त्यातील एक काम आठवडाभर मुलग्याने करणे. पुढच्या रविवारी त्याने वर्गाला सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न

१) वर सांगितलेल्या चार प्रकारांपैकी कोणती कामे आपल्या मंडळीतील माता करतात? त्यांची नेमकी अडचण काय?

२) नीतिसूत्रे ३१:१५ व ३१:३१ ही वचने लक्षात घेता आपला मातृदिनाचा उपदेश कसा बदलेल?

३) रूथच्या घरी नामीने केले ते आपल्या घरी कोण करू शकेल?

४) या हंगामात कोणकोणत्या मुली शाळेतून काढल्या गेल्या? त्यांना परत नेण्यासाठी कोण जाईल? (या प्रश्नावर सभा संपण्यापूर्वी नावे नेमावीत.)

प्रार्थना

हे प्रभू, जी आई पहाटे उठून रानात जाते आणि जी रात्री दुसऱ्याच्या बाळंतपणाला धावते, त्या दोघींना तू पाहतोस. त्यांच्या वाटेवर त्यांचे रक्षण कर. त्यांच्या लेकरांपाशी बसण्यास आम्हांला मन दे, वेळ दे, आणि आमच्या घरातील पुरुषांना नम्र हात दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.