यकृताची दुसरी शस्त्रक्रिया आणि पोटातील चिकटण

पोटाचे मोठे ऑपरेशन होऊन माणूस सुखरूप घरी आला, टाके निघाले, की घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात आणि विषय संपला असे समजतात. बहुतेकांच्या बाबतीत तो संपतोही. परंतु ज्यांच्या यकृताचा भाग काढावा लागला, त्यांच्यापैकी काहींना पुन्हा त्याच जागी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. ही दुसरी शस्त्रक्रिया अवघड का असते व ती सुकर व्हावी म्हणून काय करता येते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

यकृत हा मोठा चिवट अवयव आहे. निरोगी यकृताचा निम्म्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. म्हणूनच दुसरी शस्त्रक्रिया शक्य होते. ती करण्याची पाळी येते ती बहुधा कर्करोगामुळे. यकृताचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रोग्यांत पुन्हा उद्भवतो. गाठ काढण्याजोगी असेल व उरलेले यकृत सशक्त असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून रोग्याचे आयुष्य वाढविता येते.

आता अडचण कोठे येते ते पाहू. पोटातील अवयवांवर एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. त्यामुळे ते एकमेकांवरून सहज सरकतात. शस्त्रक्रियेत हे अस्तर खरचटते, कोरडे पडते, आणि त्यावर रक्तातील फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ साचतो. शरीर तो काही दिवसांत विरघळवू शकले तर ठीक. नाही तर त्यात तंतू व बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि कायमची चिकटण तयार होते. ओले पापड एकावर एक ठेवले म्हणजे जी गत होते, तीच येथे होते. यकृताच्या कापलेल्या उघड्या भागाला जठर, आतडे व वरचा श्वासपटल चिकटून बसतात.

दुसऱ्या वेळी सर्जनला हे सारे हलक्या हाताने सोडवावे लागते. वेळ जातो, रक्तस्राव होतो, आतड्याला इजा होण्याचे भय असते. ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी १९०८ साली यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही मिनिटे दाबून रक्तस्राव रोखण्याची युक्ती सांगितली. ती आजही वापरतात. परंतु ती जागाच चिकटून गेली असेल, तर तेथवर पोहोचणेही कठीण होते.

म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी पहिलीतच करावी लागते. अवयव हळुवार हाताळणे, ते ओलसर राखणे, रक्त व पित्त पोटात साचू न देणे, गरजेपुरतेच कापणे, हे पहिले उपाय होत. हातमोज्यांवरील भुकटीनेही चिकटण वाढते. अमेरिकेत २०१७ पासून भुकटीच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद लहान असल्याने चिकटण सामान्यतः कमी होते. काही वेळा अवयवांमध्ये विरघळणारा पातळ पडदा घालतात. तो अस्तर भरून येईपर्यंत अवयव वेगळे ठेवतो. यांपैकी कोणताही उपाय चिकटण पूर्णपणे टाळीत नाही. तसेच झालेली चिकटण कोणत्याही काढ्याने, चोळण्याने वा पट्ट्याने सुटत नाही.

मग घरच्यांनी काय करावे? सर्व काम सर्जनचे, असे नव्हे. पहिल्या शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल मागून घ्यावा. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. कोणता भाग काढला, पडदा घातला की नाही, हे त्या अहवालावरून कळते. तो तपासण्यांच्या चित्रांसह एका पिशवीत जपून ठेवावा. लहानपणचे अपेंडिक्सचे ऑपरेशनही डॉक्टरांपासून लपवू नये. पुढील तपासण्यांच्या तारखा चुकवू नयेत, कारण गाठ लहान असताना सापडली तर निवड करायला वाव राहतो. आणि पोट फुगून कळा येणे, उलट्या होणे, वारा व शौच बंद होणे, अशी लक्षणे दिसली तर चिकटणीमुळे आतडे अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी घरगुती जुलाब न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

न्यासाच्या कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे. घरातील दागिन्यांच्या पावत्या आपण जशा सांभाळतो, तशीच ही कागदांची पिशवीही सांभाळावी. पुढे जो सर्जन ते पोट पुन्हा उघडील, त्याला तिचा फार आधार होईल.