पाणलोट क्षेत्राची पारख : उपग्रहचित्र कसे वाचावे

ज्या भूभागावर पडलेल्या पावसाचे पाणी वाहत येऊन एकाच ओढ्याला मिळते, तो भूभाग म्हणजे त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र होय. त्याची सीमा गावाच्या शिवेशी क्वचितच जुळते. म्हणून आरंभ नकाशापासून करावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील समोच्च रेषांवरून जलविभाजक व उतार निश्चित करता येतात. त्यावर माती आणि भूवापर यांचे थर ठेवले, की तीव्र उतार, उथळ माती व उघडा माळ जेथे एकत्र येतात ती धुपीची ठिकाणे आपोआप पुढे येतात.

यानंतर उपग्रहचित्राचे काम. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात व अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले असता वनस्पती निर्देशांक मिळतो. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातील लहानात लहान ठिपका १० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे सुमारे एका गुंठ्याचा असतो. ही चित्रे विनामूल्य मिळतात.

निर्देशांक वाढला म्हणजे पाणलोट सुधारला, असा अहवाल लिहून मोकळे होणे सोपे आहे. गफलत होते ती येथेच. पावसाळ्यानंतर उघडा माळही गवताने हिरवा दिसतो. एप्रिलचे चित्र अधिक खरे बोलते. त्या वेळी हिरवे उरते ते झाडोरा किंवा ओलिताचे पीक. ओढ्याकाठी वाढलेला उन्हाळी हिरवा पट्टा बंधाऱ्यामुळे मुरलेल्या पाण्याचा असू शकतो, तसाच खोल विंधन विहिरींवर पोसलेल्या उसाचाही. पहिली पाणलोटाची कमाई, दुसरी उधळपट्टी. उपग्रहाला मात्र दोन्ही सारखीच. तलावावर माजलेली जलपर्णीसुद्धा निर्देशांकात भरच घालते!

तेव्हा तुलना करावयाची ती साधारण सारख्या पावसाच्या दोन वर्षांची, आणि त्याच महिन्याची. जोडीला विहिरींच्या पाणीपातळीची नोंद हवी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली जातात व शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास गावाने बंदी घातली. त्या गावचा हिरवेपणा कशावर उभा आहे, हे एकट्या चित्रावरून कळले नसते.

पंचायत सदस्यांनी उन्हाळी चित्राची छापील प्रत घेऊन शिवारफेरी करावी आणि प्रत्येक हिरव्या पट्ट्यापुढे गट क्रमांक, सातबाऱ्यावरील पीकपाहणी व पाण्याचे साधन लिहावे. नव्या बंधाऱ्याची जागा त्यानंतर ठरवावी.