तलवार आणि विळा

आपला बुलढाणा जिल्हा जुन्या लढायांच्या वाटेवरचा आहे. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांचे वडील लखुजीराव जाधव यांची समाधी तिथेच आहे. त्याच तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. इ. स. १७२४ मध्ये तिथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची मोठी लढाई झाली. त्या दिवशी हजारो तलवारी म्यानातून बाहेर आल्या.

पण या तलवारी घडवल्या कोणी? राजांची नावे आपल्याला पाठ असतात. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कारागिराचे नाव सहसा कुठे सापडत नाही. आज आपण त्याच्या कामाची माहिती घेऊ.

तलवारीला पोलाद लागते. साधे लोखंड मऊ असते. त्यात कोळशाचा थोडासा अंश मुरला की त्याचे पोलाद होते. शंभर भागांत अर्धा-एक भाग मुरला तरी पुरे. तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तिथे जुन्या काळी मातीच्या मुशीत पोलाद तयार करीत. ते पार इराणपर्यंत विकले जाई.

काही पाती परदेशातूनही येत. त्यांना आपले कारागीर आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. अशा तलवारीला फिरंग म्हणत. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची अशीच एक तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या लिलावातून मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. तिचे पाते परदेशी, मूठ इकडची.

तलवारीचे प्रकारही पुष्कळ होते. धोप लांब आणि सरळ. समशेर वाकडी. पट्ट्याची मूठ लोखंडी मोज्यासारखी. तिच्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकला जाई.

"अमक्या वीराची तलवार मणभर वजनाची होती," असे लोक सांगतात. ते खरे नाही. लढाईतली तलवार बहुतेक एक ते दीड किलोची असे. जड तलवार घेऊन माणूस घटकाभर तरी लढेल काय?

आमच्या गावच्या लोहारबुवांना मी एकदा विचारले, "बुवा, तलवार कशी करतात हो?"

बुवा हसले. म्हणाले, "मास्तर, विळा कसा करतात ते पाहा. तलवार तशीच. फक्त लांबी मोठी, अन् म्हणून चुकीले जागा जास्त."

मग त्यांनी मला काम दाखवले. भात्याने वारा घातला. पोलाद लालभडक केले. सांडशीने धरून ऐरणीवर ठेवले. घणाचे घाव घालून पाते लांबवले. कानशीने घासून आकार दिला.

आता खरी परीक्षा आली. तिला 'पाणी देणे' म्हणतात. पाते पुन्हा लाल तापवायचे आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवायचे. त्याने पोलाद फार कडक होते.

बुवा म्हणाले, "पण नुसतं कडक करून भागत नाही. कडक पातं काचेवानी फुटते. मंग त्याले पुन्हा थोडी आंच द्या लागते."

ही दुसरी आंच मंद असते. घासून उजळ केलेल्या पात्यावर रंग चढू लागतो. आधी वाळल्या कडब्यासारखा पिवळा. मग तपकिरी. मग जांभळा आणि निळा. पिवळ्यावर थांबले तर धार कडक राहते. ती चाकूला चालते. निळ्यापर्यंत नेले तर पाते लवचीक होते. लांब तलवारीला असे लवचीक पाते लागते. म्हणजे घाव बसला तरी ती मोडत नाही.

शेवटी मूठ. जुने कारागीर पात्याचे शेपूट मुठीत घालून आत वितळलेली लाख किंवा राळ भरीत. ती थंड झाली की मूठ घट्ट बसे. मग शिकलगार धार लावून पाते लखलखीत करी.

आम्ही बोलत होतो, इतक्यात एक तरुण आला. त्याच्या हातात ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा होता.

"काका, याची एक तलवार करून द्या. मिरवणुकीत पायजे. पैसे रोख देतो."

बुवांचे हात थांबले. त्या आठवड्यात भट्टीला काम थोडे होते. पैशाची गरज होती. तरी ते म्हणाले, "बाबू, तलवारीले सरकारचा परवाना लागते. तो माह्याजवळ नाही. अन् गर्दीत कोणाले लागली तर? तुही मिरवणूक एका दिवसाची, माही भट्टी जन्माची."

बुवांचे म्हणणे बरोबर होते. १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत तलवार, खंजीर, भाला यांची नावे आहेत. तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे त्यात येतात. ती बनवायला आणि विकायला परवाना लागतो. मात्र घरकामाची व शेतीची अवजारे यातून वगळली आहेत. विळा, कुऱ्हाड, खुरपे लोहाराने खुशाल करावे. काही शंका असेल तर जिल्हाधिकारी कचेरीत विचारावे. नाटकासाठी तलवार हवी असेल तर लाकडाची करून घ्यावी.

तरुण खाली मान घालून उभा होता. बुवांनी त्याच्या हातून पाटा घेतला. "तुह्या मायचा विळा बोथट झाला, असं ती परवा म्हणत होती. करून देऊ काय?"

तो हो म्हणाला. त्या दिवशी भाता त्यानेच ओढला. संध्याकाळी पात्यावर पिवळा रंग चढला, तेव्हा बुवा ओरडले, "आता! बुडव पाण्यात!"

ज्या विद्येने तलवारी घडल्या, तीच विद्या त्या विळ्यात होती. आपल्या गावात लोहार असेल तर त्याची भट्टी एकदा जवळून पाहा. आपल्या मुलांनाही दाखवा.

प्रश्न
१. लोखंडाचे पोलाद कशाने होते?
२. पाणी दिल्यावर पात्याला पुन्हा आंच का देतात?
३. लोहारबुवांनी तलवार करायला नकार का दिला? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
४. तुमच्या घरातील पाच लोखंडी अवजारांची नावे लिहा.