दर खेपेला नवा डॉक्टर का?

प्रश्न : आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. तिला मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेतो. उपचार चांगले, खर्च कमी. पण दर खेपेला नवा शिकाऊ डॉक्टर. पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. हे असंच चालायचं का?
– एक वाचक, राहाता

उत्तर : डॉक्टर बदलतात ते शिक्षणाच्या रचनेमुळे. इंटर्नला वर्षभरात बहुतेक सगळ्या विभागांतून फिरावं लागतं. एमडी करणारा निवासी डॉक्टर तीन वर्षांनी निघून जातो, आणि त्यातलेही तीन महिने आता त्याला जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. त्याच्या शिक्षणासाठी हे आवश्यकच आहे. आईंचा आजार मात्र जन्माचा सोबती, म्हणून तुमची तक्रार अगदी रास्त आहे.

आणि हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. नॉर्वेत जवळजवळ प्रत्येकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. 15 वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, डॉक्टरशी जेमतेम वर्षाची ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के कमी निघालं. तातडीने दवाखान्यात भरती होण्याचं 28 टक्के कमी. याचं सगळं श्रेय ओळखीला देता येणार नाही, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही. ओळखीच्या डॉक्टरला गोळ्या मध्येच बंद केल्याचं माणूस मोकळेपणाने सांगतो. नवख्याला 'घेतो की' म्हणून मोकळा होतो.

अमेरिकेत फॅमिली मेडिसिन शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरकडे रुग्णांची एक यादी सोपवतात. तीन वर्षं शक्यतो तेच रुग्ण त्याने पाहायचे आणि जाताना यादी धाकट्या डॉक्टरच्या हाती द्यायची. तरी दर जूनअखेर जुनी तुकडी बाहेर पडते आणि धागा तुटतोच.

तो तुटू न देण्याची वाट आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला सापडली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं. गावाने निवडलेल्या बायकांना, ज्यांतल्या कितीतरी शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, मुलांची वजनं, जुलाबावरचे उपाय, पुढे रक्तदाबसुद्धा त्या पाहू लागल्या. शिकायला त्या नेमाने जामखेडला यायच्या आणि पुन्हा आपल्या गावी जायच्या. डॉक्टरांची गाडी येई-जाई. सेविका तिथलीच, घराघराची माहीतगार. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

माझं स्पष्ट मत आहे : शिकाऊ डॉक्टर फिरते असणार हे गृहीत धरून प्रत्येक शिक्षण-दवाखान्याने बीपी-शुगरच्या रुग्णांमागे एक कायमची नर्स किंवा आरोग्य सेविका नेमलीच पाहिजे. दर वर्षी जुन्या डॉक्टरने नव्याला रुग्ण समक्ष सोपवून जावं, हेही कठीण नाही.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. मेडिकल कॉलेजात बहुधा प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. आईंच्या केसपेपरवर युनिट पाहा आणि नेहमी त्याच वारी जा. तिथले शिकाऊ बदलले तरी युनिटचे वरिष्ठ डॉक्टर सहसा तेच असतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांनीच आईंना पाहावं, असं आवर्जून सांगा. जुने केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका फाइलमध्ये घेऊन जा. आणि गावातल्या आशाताईंना आईंच्या गोळ्यांची पूर्ण माहिती देऊन ठेवा.