चला इंग्रजी शिकूया : व्याजाच्या बातमीतले शब्द



गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, मुद्दल, व्याज, शिल्लक हे शब्द आपण सहज बोलतो. हिशेबाची वहीसुद्धा आपणच लिहितो. पण बँकेत गेलो की तेच शब्द इंग्रजीत समोर येतात आणि आपण गप्प बसतो. टीव्हीवर व्याजदराची बातमी लागली की 'हे काही आपलं नाही' म्हणून चॅनेल बदलतो. खरं तर व्यवहार आपल्याला येतोच, फक्त त्याची इंग्रजी नावं शिकायची आहेत. ती शिकायलाच हवीत, कारण कर्जाच्या कागदावर सही आपली असते आणि हप्ताही आपल्यालाच भरायचा असतो.

आजची बातमी

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला. ही बातमी इंग्रजीत अशी सांगतात :

"आरबीआय कट्स रेपो रेट बाय फिफ्टी बेसिस पॉइंट्स, टू फाइव्ह पॉइंट फाइव्ह परसेंट."

आता एकेक शब्द सोडवू.

- कट – कापणे, कमी करणे. दर वाढवला तर 'हाइक' म्हणतात. आहे तसाच ठेवला तर 'अनचेंज्ड'.
- रेट – दर. भाजीचा रेट असतो, तसा पैशाचाही रेट असतो. पैशाचा रेट म्हणजे व्याज.
- रेपो रेट – बँकांना थोड्या दिवसांसाठी पैसे लागले की त्या सरकारी रोखे ठेवून रिझर्व्ह बँकेकडून घेतात. त्यावरचा व्याजदर म्हणजे रेपो रेट.
- बेसिस पॉइंट – एका टक्क्याचा शंभरावा भाग. जसे शंभर पैशांचा रुपया, तसे शंभर बेसिस पॉइंटचा एक टक्का. म्हणून 'फिफ्टी' ऐकून व्याज पन्नास टक्के कमी झालं असं समजू नका. ते कमी झालं अर्ध्या टक्क्याने.

'बाय' आणि 'टू' : शब्द छोटे, फरक मोठा

'बाय' म्हणजे कितीने. 'टू' म्हणजे कितीवर. मराठीत जे काम 'ने' आणि 'वर' करतात, तेच इथे हे दोन शब्द करतात. 'बाय वन परसेंट' म्हणजे एक टक्क्याने कमी. 'टू वन परसेंट' म्हणजे एक टक्क्यावर आलं. बातमी ऐकताना आधी हे दोन शब्द पकडा.

मग माझा हप्ता कमी होणार का?

दोन शब्द कळले की याचं उत्तर मिळतं. फिक्स्ड म्हणजे ठरलेला, न बदलणारा दर. फ्लोटिंग म्हणजे तरंगता दर. पाण्यावरच्या होडीसारखा तो वर-खाली होतो. फ्लोटिंग दराचं कर्ज असेल, तर रेपो कमी झाल्याचा फायदा मिळू शकतो. फिक्स्ड असेल तर बातमी काहीही येवो, हप्ता तोच राहतो. आपलं कर्ज कोणतं, ते कागदावर लिहिलेलं असतं.

'पर ॲनम' म्हणजे आपलं द.सा.द.शे.

शाळेतलं 'दर साल दर शेकडा' आठवतं ना? इंग्रजीत तेच 'परसेंट पर ॲनम'. दरमहा असेल तर 'पर मंथ'. बातमीतले आणि बँकेचे दर बहुधा वर्षाचे असतात. कोणी "फक्त टू परसेंट" म्हणालं, तर लगेच विचारा, महिन्याला की वर्षाला? महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस.

'फ्लॅट' आणि 'रिड्यूसिंग' : सही करण्याआधी विचारायचे शब्द

समजा, १२,००० रुपये एका वर्षासाठी घेतले, दर १२ टक्के पर ॲनम.

फ्लॅट म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज. वर्षाचं व्याज १,४४० रुपये.

रिड्यूसिंग म्हणजे मुद्दल फिटत जाईल तसं उरलेल्या रकमेवरच व्याज. दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज १२० रुपये, दुसऱ्याचं ११०, तिसऱ्याचं १००, आणि शेवटच्या महिन्याचं फक्त १०. सगळं मिळून ७८० रुपये.

दर दोन्हीकडे बाराच टक्के, पण फरक ६६० रुपयांचा! दरासोबत हा एक शब्द विचारला नाही, तर एवढे पैसे जास्त जातात.

एक शब्द, दोन अर्थ

- इंटरेस्ट – आवड, आणि व्याजही.
- प्रिन्सिपल – शाळेचे मुख्याध्यापक, आणि मुद्दलही.
- बॅलन्स – तोल, आणि खात्यातली शिल्लकही.
- बाउन्स – चेंडू उसळणे. खात्यात पैसे नसले तर हप्ताही 'बाउन्स' होतो आणि वर दंड बसतो.
- ड्यू – देणं असलेलं. 'ड्यू डेट' म्हणजे हप्त्याची तारीख. ती उलटली की 'ओव्हरड्यू'.

तुमचा हक्काचा कागद

की फॅक्ट स्टेटमेंट हे नाव पाठच करा. याचा अर्थ महत्त्वाच्या माहितीचा कागद. बँक किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून वैयक्तिक कर्ज घेताना व्याज, फी, हप्ते, सगळं एकत्र लिहिलेला हा कागद मिळायला हवा आणि तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात 'ए.पी.आर.' शोधा. व्याज आणि बाकीची फी मिळून कर्ज वर्षाला किती टक्क्याला पडतं, ते तिथे दिसतं.

बँकेत बोलायची चार वाक्यं

१. "व्हॉट इज द इंटरेस्ट रेट?" – व्याजाचा दर काय?
२. "इज इट फ्लॅट ऑर रिड्यूसिंग?" – फ्लॅट आहे की रिड्यूसिंग?
३. "प्लीज एक्सप्लेन इन मराठी." – मराठीत समजावून सांगा.
४. "आय विल रीड अँड देन साइन." – मी वाचून मग सही करेन.

उच्चार चुकला तर चुकू द्या. मराठीत विचारलं तरी काही बिघडत नाही. प्रश्न विचारणं महत्त्वाचं.

बैठकीतला अभ्यास

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने कर्जाचा एक कागद किंवा बँकेचा एक मेसेज आणावा. आजच्या धड्यातले शब्द त्यात शोधून खाली रेघ मारा. सचिव ताईंनी फळ्यावर दोन रकाने करावेत, एकात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात आपला शब्द. मग दोघी-दोघींची जोडी करा. एक बँकेच्या साहेब होईल, दुसरी कर्ज मागणारी. चारही वाक्यं बोला, नंतर भूमिका बदला. वाचता न येणाऱ्या मैत्रिणीला सोबत घ्या, कारण ऐकून ऐकूनही शब्द पाठ होतात.

आणि आज संध्याकाळी बातम्या लागल्या की चॅनेल बदलू नका. 'रेट' शब्द आला की कान द्या, आणि 'बाय' म्हणतात की 'टू', ते ओळखा.