झऱ्यापाशी जाणे
शास्त्रपाठ : २ राजे २:१९–२२

यरीहो नगर रम्य, पण तेथील पाणी वाईट. अलीशा थेट झऱ्यापाशी गेला व मीठ त्यातच टाकले.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून १९८४ साली विषारी वायू सुटला. तेथे साठवून ठेवलेला सुमारे ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५ मध्ये इंदूरजवळील पीथमपूरला नेला व जूनअखेर जाळला. तेथील लोक भ्याले, विरोधास उठले. तेही आपले शेजारीच. शिवाय कारखान्याच्या आवारात पुरलेल्या कचऱ्याचे विष मातीत व भूजलात उतरले आहे. ते काढल्यावाचून झरा बरा झाला असे आम्ही कसे म्हणावे?

शिक्षकांनी वर्गात विचारावे : आपल्या घरचे जुने सेल, कीटकनाशकांचे डबे कोणाच्या विहिरीजवळ पडतात?